ओळख नाही, इंग्रजी जेमतेम, तरी राजकारणाच्या इंटर्नशिपला अर्ज करू का?

प्रश्न : ताई, मी गुहागर तालुक्यातली, टी.वाय.ला राज्यशास्त्र आहे. शेवटच्या सेमिस्टरला आम्हाला चार क्रेडिटची इंटर्नशिप आहे, आमदार-खासदारांचं कार्यालय, पंचायत समिती किंवा एखादी संस्था. जागा कमी आणि अर्ज जास्त, म्हणून 'हे तुम्हाला का करायचंय' ते एका पानात लिहून मागितलंय. घरात कोणी राजकारणात नाही, ओळख नाही, इंग्रजी जेमतेम. वर्गातली मुलं नेटवरून भारी भारी वाक्यं उचलून लिहितायत. मी काय लिहू? आणि बाबा म्हणतात राजकारणाच्या नादी लागू नको, त्यांना काय सांगू?

उत्तर : अगं अर्ज कर, आणि उद्याच कर. ओळखीची काळजी सोड, हा कोर्स आहे, नोकरी नाही, तुला पाठवणार तुझं कॉलेज, कॉलेजच्या पत्रावर. इंग्रजीचं म्हणशील तर सरांना सरळ विचार की मराठीत लिहिलं तर चालेल का, तालुक्याच्या ऑफिसात सगळा पत्रव्यवहार मराठीतच चालतो, त्यामुळे तिथे चांगलं मराठी लिहिणारी मुलगी त्यांना हवीच असते.

आता ते एक पान. 'मला समाजसेवेची लहानपणापासून आवड आहे' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक अर्जात असतं, वाचणारा तिथेच पुढचं पान उलटतो. तू तुझ्या वाडीपासून सुरू कर. समजा तुमच्याकडे जलजीवन मिशनची टाकी बांधून झालीय आणि नळाला पाणी नाही, तर असं लिही : 'योजनेत माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी म्हटलंय, आमच्या वाडीत एप्रिलपासून टँकरची वाट बघावी लागते. ग्रामसभेत हा विषय निघाला, प्रोसिडिंगमध्ये लिहिलाही गेला, पण पुढे तो पंचायत समितीत कोणाच्या टेबलावर जातो, पैसे कुठे अडतात, सही कोणाची लागते हे मला आत बसून बघायचंय.' एवढ्यात कळतं की या मुलीचे डोळे उघडे आहेत. अर्थात हे उदाहरण झालं, तुझ्या गावात जे खरं असेल तेच लिही, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येणार.

ग्रामसभेला कधी गेली नसशील तर अर्जाआधी एकदा जा. १८ वर्षं पूर्ण आणि मतदार यादीत नाव असलं की तू सभासद आहेस, कोणाची परवानगी लागत नाही. कोरम किती माहितीये? मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातलं जे कमी असेल ते, आणि तेवढेही बऱ्याचदा जमत नाहीत कारण अर्धा गाव मुंबईला. आपल्याकडे गावाचे कितीतरी निर्णय आधी मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळात ठरतात आणि शिमग्याला, गणपतीला चाकरमानी आले की पक्के होतात. पाठ्यपुस्तकात ७३वी घटनादुरुस्ती असते, ती १९९३ पासून लागू झाली वगैरे, पण हे मुंबई मंडळाचं राजकारण कुठल्या धड्यात नसतं, ते तुला घरबसल्या माहिती आहे, म्हणून ते लिही! महिलांची वेगळी सभा ग्रामसभेच्या आधी घ्यायची असते, ती तुमच्याकडे खरंच होते की नुसत्या सह्या होतात, हेही बघून ठेव.

जागा निवडताना सगळे आमदारांच्या ऑफिसकडे धावतात. तिथेही शिकायला मिळतं, बदलीचे अर्ज, दवाखान्याच्या मदतीची पत्रं, रस्त्याची निवेदनं, लोकांना काय काय नडतं ते दिवसभर समोर येतं. पण माझं मत विचारशील तर पहिला पर्याय पंचायत समिती दे. फाइल आवकला कशी लागते, जावक नंबर कधी पडतो, गटविकास अधिकारी कुठे थांबवतात, हे एकदा बघितलंस की राज्यशास्त्राची अर्धी पुस्तकं नव्याने कळतील. आणि वेळेचा हिशोब आधी कर, एका क्रेडिटला साधारण ३० तास धरतात म्हणजे चार क्रेडिटचे १२०, एसटीच्या वेळा बघून कुठल्या वारी किती वाजेपर्यंत थांबू शकतेस ते अर्जातच लिही. शेवटची गाडी साडेपाचची असेल तर तसं स्पष्ट लिहायला लाजू नकोस.

बाबांना विचार, कोकण रेल्वे आपोआप आली का? राजापूर मतदारसंघाने १९५७ पासून नाथ पै आणि १९७१ पासून मधु दंडवते दिल्लीला पाठवले, दंडवते तर रेल्वेमंत्री झाले, कितीतरी लोकांनी वर्षानुवर्षं लावून धरलं तेव्हा १९९८ मध्ये पूर्ण मार्ग सुरू झाला. ज्या गाडीने बाबा मुंबईला जातात ती राजकारणातूनच आलीय. भांडू नको, नीट सांग, ऐकतील.

प्रश्न : माझी मुलगी अशाच इंटर्नशिपला एका पक्ष कार्यालयात जाणार आहे. आम्ही हर्णैचे, तिला पक्षाचा शिक्का बसेल का आणि ती सुरक्षित राहील का, ही चिंता आहे.

उत्तर : दादा, चिंता अगदी रास्त आहे. कॉलेजकडून लेखी पत्र घ्या, त्यात कामाचं स्वरूप, वेळ आणि जबाबदार प्राध्यापकाचं नाव हवं. प्रचार, सभेला गर्दी, सोशल मीडियावर पक्षाच्या पोस्ट टाकणं हे कोर्सचं काम नाही, ते मुलीने नाकारलं तर मार्क कापता येणार नाहीत असं आधीच बोलून घ्या. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात प्रशिक्षणार्थीही येतात, दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती लागते, नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, पण राजकीय पक्षांना अशी समिती सक्तीची नाही असं न्यायालयाने म्हटलंय, म्हणून तक्रार कुठे करायची ते कॉलेजकडून आधीच विचारून घ्या. हे मुलीलाही सांगून ठेवा. आणि तिला पाठवा.

प्रश्न : कुडाळहून विचारतोय, कॉलेजच्या इंटर्नशिपशिवाय अजून काही मार्ग आहे का?

उत्तर : आहे ना. हिवाळी अधिवेशनाच्या वेळी नागपूरला राष्ट्रकुल संसदीय मंडळाच्या महाराष्ट्र शाखेचा संसदीय अभ्यासवर्ग भरतो, विद्यापीठांतून राज्यशास्त्राचे विद्यार्थी जातात, तेव्हा डिपार्टमेंटला दिवाळीआधीच विचारून ठेव. पदवीनंतर दिल्लीत खासदारासोबत काम करायची लॅम्प फेलोशिपही आहे, वयाची अट बघून घे. दोन्हीकडे लिहायला ठोस काहीतरी लागतं, म्हणून आत्तापासून वही ठेव, ग्रामसभेत कोण काय बोललं ते तारखेसकट लिहीत जा.