चाकरमान्यांवर डेझर्टेशन? आधी कॅलेंडर काढ, मग पुस्तकं

तू लिहिलंयस की समाजशास्त्र ऑनर्सचं शेवटचं वर्ष आहे, विषय घेतलाय ‘स्थलांतराचा कोकणातील कुटुंबव्यवस्थेवरील परिणाम’, गाव गुहागरकडचं, एप्रिलमध्ये जमा करायचंय आणि आता जूनमध्ये सुरुवात कुठून करू. वर सगळ्यांनी वाचायला काय काय सांगितलंय ते ठीकच आहे, पण कोकणात फिल्डवर्क करायचं तर माणसं गावात कधी असतात यावर सगळं ठरतं आणि ते कुणी बोललंच नाहीये.

आधी विषय कापू. परिणाम दाखवायचा तर स्थलांतराआधीचं घर आणि नंतरचं घर दोन्ही हवं ना, आणि आपल्याकडे मुंबईला जाणं गिरण्यांच्या काळापासूनचं, ते आधीचं घर तू आणणार कुठून? त्यापेक्षा एक वाडी घे आणि एकच प्रश्न धर: गावाचे निर्णय मुंबईत बसून कोण घेतं? देवळाचा जीर्णोद्धार, पालखीचा मान, वर्गणी किती काढायची, यातलं बरंच मुंबईच्या ग्रामस्थ मंडळात ठरतं आणि गावात राहणाऱ्या बायकांना, म्हाताऱ्यांना नंतर कळतं. तुझ्या वाडीत उलटंही निघेल, निघू दे, तेच तर बघायचंय.

आता कॅलेंडर. शिमग्याला मुंबईचे सगळे चाकरमानी येतात पण तोवर फेब्रुवारी-मार्च उजाडतो, तेव्हा तू लिहीत असायला हवीस. सुट्टीचा मे महिना तर हातचा गेलाच. म्हणजे उरले गणपती. पण गणपतीत माणूस सापडतो, त्याचा वेळ सापडत नाही; आरत्या, भजनं, गौरी, पाहुणे यात कुणाला तासभर बसवून मुलाखत घ्यायला गेलीस तर चहा मिळेल, उत्तरं नाही. तेव्हा फक्त बघ, वर्गणीचा हिशोब कोण वाचतं, बैठकीत पुढे कोण बसतं, कोण दारात उभं राहून ऐकतं, आणि फोन नंबर घे. खऱ्या मुलाखती दिवाळीच्या सुट्टीत मुंबईत, दिवा, नालासोपारा, विरार, जिथे तुझी वाडी राहते तिथे. मंडळाची मीटिंग बहुतेक रविवारी असते, अध्यक्षांना आधी विचारून मागे बसायला मिळालं तर सोन्याहून पिवळं. इतिवृत्ताची जुनी वही दाखवली तर त्यातले विषय उतरवून घे, फोटो मात्र परवानगीशिवाय नको. गावातल्या बायकांशी बोलायला नोव्हेंबर-डिसेंबर, भात झोडून झाल्यावर. बचत गटाच्या मीटिंगनंतर बसलीस तर बोलतात, घरी ओटीवर बसलीस तर आतून भाऊजी उत्तर देतात 😄

स्वतःच्याच वाडीत करायचं का? ओळख असते हे खरं, पण तिथे तू संशोधक नसतेस, अमक्याची मुलगी असतेस, आणि तुमच्या भावकीचं ज्यांच्याशी वाजलंय ते तुझ्याशी गोडच बोलणार. जमलं तर शेजारची वाडी घे. नाहीच जमलं तर हे सगळं पद्धतीच्या प्रकरणात (संशोधन कसं केलंस ते सांगतेस तिथे) सरळ लिही, गाईडला आवडतं ते.

आकडेवारीत फार अडकू नकोस. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका आणि २००१ पेक्षा लोकसंख्याच कमी झालेली, सिंधुदुर्गातही लोकसंख्या घटलेलीच. एक परिच्छेद, बास. त्यापेक्षा वाडीतली घरं मोजून कुठलं बारमाही उघडं, कुठलं फक्त सणाला उघडतं याचा हाताने काढलेला नकाशा जास्त कामाचा.

मुलाखती १५-२० पुरेत, पण प्रत्येकीच्या नोट्स त्याच रात्री लिही, रेकॉर्डिंग आहे म्हणून ठेवून दिलंस की गेलं. एका तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला चार-पाच तास सहज जातात, त्यामुळे डिसेंबरला सगळं एकदम काढून बसू नकोस. लोक जसं बोलले तसंच उतरव, पुस्तकी मराठी करू नकोस. आणि कॉपी दोन वेगळ्या ठिकाणी ठेव, पेनड्राइव्ह आणि गूगल ड्राइव्ह. आपल्या मालवणात जन्मलेल्या समाजशास्त्रज्ञ घुर्यांचे विद्यार्थी, तेही मोठे समाजशास्त्रज्ञ, एम. एन. श्रीनिवास, त्यांनी नोट्सच्या तीन प्रती केल्या होत्या, १९७० मध्ये स्टॅनफर्डला लागलेल्या आगीत तिन्ही एकाच इमारतीत होत्या म्हणून तिन्ही गेल्या. माणूस मोठा म्हणून आठवणीतून पुस्तक लिहिलं, आपल्याला जमणार नाही ते.

लिखाण पद्धतीच्या प्रकरणापासून सुरू कर, ते गणपतीनंतर लगेच लिहून होतं. प्रस्तावना शेवटी. गाईडकडे रिकाम्या हाताने जाऊ नकोस, दोन पानं का होईना टाईप करून ने, नाहीतर ‘वाचन वाढव’ एवढंच ऐकून परत येशील.

नावं बदलायची हे तुला शिकवलं असेलच, पण तीस घरांच्या वाडीत ‘माजी सरपंचांची सून’ म्हटलं की संपलं, नाव बदलून काय उपयोग. अशा ठिकाणी वय, पद, नातं यातलंही काहीतरी बदल किंवा दोन माणसांचं बोलणं वाडीचं म्हणून मांड. आणि आभाराच्या पानावर ज्यांनी मुलाखती दिल्या त्यांची नावं लिहू नकोस, हौसेने लिहितात पोरं, आणि आत बदललेलं प्रत्येक नाव त्या एका पानावरून वाडीत कुणीही ओळखतं.