हातातलं मशीन झोपलं, लॉक मात्र पडलंच नाही

प्रश्न : गोडाऊनमधल्या हँडहेल्ड स्कॅनरसाठी अँड्रॉइड अॅप बनवतोय. पाच मिनिटं कोणी हात लावला नाही की लॉगिन स्क्रीन यायला हवी. प्रत्येक टचला टायमर कॅन्सल करून परत लावतो, पण दोन गोष्टी छळतायत. माणूस डायलॉगमधे लांबलचक शेरा टाइप करत असतो आणि मधेच लॉक पडतं, आणि उलट मशीन तासभर टेबलावर पडून असलं तरी उचलल्यावर आधीचीच स्क्रीन उघडी मिळते. काय चुकतंय?

उत्तर : दुसरी गोष्ट आधी घेतो कारण ती जास्त घातक आहे, कोणीही मशीन उचलून दुसऱ्याच्या नावावर माल काढू शकतो. टायमर बहुतेक हँडलरच्या पोस्टडिलेडने (ठरावीक वेळाने काम चालवायची अँड्रॉइडची सोय) लावला असणार, आणि त्याचं घड्याळ म्हणजे अपटाइममिलिस, जे मशीन गाढ झोपेत गेलं की थांबतं. म्हणजे दोन मिनिटांनी मशीन झोपलं असेल तर तुमच्या टायमरच्या लेखी तासाभरानंतरही दोनच मिनिटं झालेली असतात, बिचारा प्रामाणिकपणे उरलेल्या तीन मिनिटांची वाट बघत बसतो.

टायमरवर विसंबूच नका. शेवटचा हात कधी लागला ती वेळ इलॅप्स्डरिअलटाइमने (मशीन सुरू झाल्यापासूनचा वेळ) एका व्हेरिएबलमधे ठेवा, हे झोपेतला वेळही मोजतं आणि कोणी तारीख-वेळ बदलली तरी हलत नाही (करंटटाइममिलिस म्हणजे तारीख-वेळेचं घड्याळ, ते हलतं, वापरू नका). मग ऑनरिझ्यूममधे (स्क्रीन परत समोर आली की चालतं ते) सगळ्यात आधी आत्ताच्या आणि त्या वेळेतला फरक काढायचा, पाच मिनिटांच्या वर गेला की सरळ लॉगिन. टायमर फक्त स्क्रीन चालू असतानासाठी ठेवा, तो वाजला की फरक बघायचा आणि वेळ शिल्लक असेल तर तेवढ्याचाच परत लावायचा, दर टचला कॅन्सल करायची कटकट जाते. ही वेळ फाइलमधे मात्र साठवू नका, मशीन रीस्टार्ट झालं की हे घड्याळ शून्यापासून सुरू होतं. अॅप नव्याने उघडलं की लॉगिनच दाखवा.

आता टायपिंगचं. अॅक्टिव्हिटीतलं (अॅपच्या एका स्क्रीनमधलं) ऑनयूजरइंटरॅक्शन त्या अॅक्टिव्हिटीकडे आलेल्या टच आणि की (म्हणजे बटण) साठी चालतं, पण डायलॉगची विंडो वेगळी, त्यातले टच अॅक्टिव्हिटीपर्यंत येतच नाहीत, आणि स्क्रीनवरचा कीबोर्ड तर वेगळंच अॅप. म्हणून डायलॉगसाठी स्वतःचा बेस क्लास करून त्याच्या डिस्पॅचटचइव्हेंटमधे (टच आला की चालतं ते) वेळ नोंदवा, आणि टाइप करायच्या चौकटींना टेक्स्टवॉचर (मजकूर बदलला की वाजणारा) लावा. इथे एक गंमत होते, सर्व्हरवरून आलेला आकडा तुमच्याच कोडने चौकटीत भरला तरी टेक्स्टवॉचर वाजतो, मग दर मिनिटाला रिफ्रेश होणारी स्क्रीन कधीच लॉक होत नाही आणि आपण डोकं खाजवत बसतो. कोडने भरताना वॉचर काढून ठेवा, भरून झालं की परत लावा.

आणि स्कॅनर विसरलात! तो कीबोर्डसारखा की पाठवत असेल तर काहीवेळा आपोआप मोजला जातो, पण बऱ्याच मशीनवर बारकोड ब्रॉडकास्टने (सिस्टिममार्फत अॅपला येणारा निरोप) येतो, त्यात टच नाही, की नाही. सलग स्कॅन करणारा माणूस काचेला बोटही लावत नाही, त्याच्या नशिबी दर पाच मिनिटांनी लॉगिन. ब्रॉडकास्ट मिळाला की तिथेही वेळ नोंदवा.

जुनी विंडोज सीई (मायक्रोसॉफ्टची छोट्या मशीनसाठीची सिस्टिम) वाली मशीनं अजून हाताशी असतील तर तिथेही हाच सापळा आहे, गेटटिककाउंट (मशीन सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद) सस्पेंडमधला, म्हणजे झोपेतला, वेळ धरत नाही, वर 32 बिटांचा आकडा असल्यामुळे साधारण 49.7 दिवसांनी शून्यावर येतो. वजाबाकी अनसाइन्ड (उणे आकडे नसलेली) ठेवली तर शून्यावर आल्याने फरक पडत नाही, पण सस्पेंडसाठी मशीन जागं झाल्याचा इव्हेंट पकडून तिथेच लॉक टाकून द्या.

टेस्ट करताना यूएसबी केबल काढून ठेवा बरं का, केबल लावलेली असताना मशीन बऱ्याचदा गाढ झोपत नाही आणि सगळं छान चालतंय असं वाटत राहतं.