अनुदान नेमके कशासाठी? ऊर्जा-संशोधनाविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: नव्या ऊर्जा-तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या छोट्या उद्योगांना सरकार पैसे देते असे ऐकले, ते कसे मिळवायचे? ऐकीव माहितीवर विसंबून लोक भलत्याच माणसांना आगाऊ रकमा देऊन बसतात, म्हणून त्यांतील काही पत्रांना येथे उत्तरे देत आहे. योजनांच्या अटी आणि मुदती बदलत असतात, तेव्हा अर्ज करण्यापूर्वी चालू नियमावली प्रत्येकाने स्वतः वाचावी.

प्रश्न: चाकणमध्ये माझा सात कामगारांचा कारखाना आहे. लघुउद्योग म्हणून सरकारची ‘उद्यम’ नोंदणी आहे, पण स्टार्टअप म्हणून मान्यता नाही. संशोधनासाठी अर्ज करता येईल का?

योजनेनुसार उत्तर बदलते. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची ‘प्रिझम’ योजना व्यक्ती, स्टार्टअप आणि सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग या सर्वांसाठी आहे; स्टार्टअप मान्यतेची अट असलेल्या योजनांत मात्र एकल मालकीच्या व्यवसायाला जागा नसते. केवळ अर्जासाठी कंपनी स्थापन करण्याआधी सनदी लेखापालांशी बोलून घ्यावे.

प्रश्न: एकदा फिरवले की स्वतःच चालत राहणारा आणि घेतो त्यापेक्षा अधिक वीज देणारा जनरेटर मी तयार केला आहे. कोणत्या योजनेत बसेल?

कोणत्याही नाही, कारण ऊर्जा अक्षय्यतेचा नियम त्याला परवानगी देत नाही.

प्रश्न: भोसरीत आमचे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे. सूर्याची उष्णता वितळलेल्या क्षारात साठवून रात्री कारखान्याला वाफ पुरवणारी टाकी आम्हाला बनवायची आहे. एका सल्लागाराने 50 लाखांच्या अनुदानाची हमी दिली असून फाइलसाठी 60 हजार रुपये आगाऊ आणि मंजुरीनंतर दहा टक्के मागितले आहेत. त्यातच एक सीएनसी (संगणकाने चालणारे कातकामाचे) यंत्रही बसवून घेता येईल, असे तो म्हणतो. पुढे जावे का?

त्याला एक रुपयाही देऊ नये. हे पत्र माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

गोंधळाचे मूळ ‘अनुदान’ या आपल्या शब्दातच आहे. ठिबक सिंचनाला मिळते तेही अनुदान आणि संशोधनाला मिळते तेही अनुदान. पंतप्रधान सूर्यघर योजनेत घराच्या छपरावर तीन किलोवॉटची यंत्रणा बसवली, ती सुरू झाली, की 78 हजार रुपयांपर्यंतची रक्कम खात्यात येते. तेथे वस्तू सिद्ध झालेली असते आणि तिची किंमत ग्राहकाला परवडावी एवढाच हेतू असतो. संशोधन-अनुदान याच्या उलट टोकाला आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर अजून कोणालाच ठाऊक नाही, तो प्रश्न सोडवण्यासाठी ते दिले जाते, आणि उत्तर नकारार्थी आले तरी प्रामाणिकपणे केलेले काम वाया गेले असे मानले जात नाही. 2021 मध्ये जाहीर झालेल्या स्टार्टअप इंडिया बीजनिधी योजनेच्या नियमांतही हा भेद स्पष्ट आहे: संकल्पना आणि नमुना सिद्ध करण्यासाठी 20 लाखांपर्यंत अनुदान, तर बाजारात उतरण्यासाठी 50 लाखांपर्यंतचे साहाय्य कर्ज किंवा परिवर्तनीय (पुढे समभागांत बदलता येणाऱ्या) रोख्यांच्या रूपात.

आपल्या टाकीपुरते बोलायचे, तर त्यात प्रश्न कोठे आहे हे आधी शोधावे लागेल. सोडियम नायट्रेट आणि पोटॅशियम नायट्रेट यांचे वजनाने 60:40 मिश्रण मोठ्या सौर औष्णिक प्रकल्पांत अनेक वर्षे वापरात आहे, त्यामुळे ‘क्षारात उष्णता साठते का’ हा आता संशोधनाचा विषय राहिलेला नाही. पण काही वर्षांपूर्वी मी अशीच एक छोटी टाकी कापून उघडलेली पाहिली होती. आतल्या नळीच्या वळणाजवळ, वेल्डिंगच्या कडेला, केसाएवढी भेग होती आणि तिच्यातून पांढरा क्षार फुलून बाहेर आला होता. रात्रभरात क्षार थिजतो. सकाळी तो तळाकडून वितळू लागला आणि वरचा थर घट्टच राहिला, तर वितळताना वाढणाऱ्या आकारमानाला वाट मिळत नाही आणि सारा ताण जोडांवर येतो. रोज थिजणाऱ्या आणि वितळणाऱ्या छोट्या टाकीत नळीची कोणती रचना आणि कोणता जोड दोनशे फेऱ्यांनंतरही टिकतो, हा खरा प्रश्न आहे, आणि फॅब्रिकेशनमध्ये हयात घालवलेल्या माणसाने तो विचारला तर छाननी समितीला त्याचे वजन कळते. अर्जात हा प्रश्न, तो तपासण्याची पद्धत, प्रत्येक टप्प्यावर काय मोजणार आणि किती खर्च येणार, एवढे आपल्याच शब्दांत लिहावे. सल्लागाराने दहा जणांना विकलेला मजकूर समितीला दुसऱ्या पानावर ओळखू येतो.

आता सीएनसी यंत्राचे. नेहमीच्या उत्पादनासाठी लागणारे यंत्र संशोधनाच्या खर्चात दाखवणे हा निधीचा गैरवापर आहे, आणि तो उघडकीस आला तर वसुलीची नोटीस आपल्या नावाने येईल, सल्लागाराच्या नावाने नाही. दहा टक्के दलालीही मंजूर खर्चाच्या कोणत्याच शीर्षकाखाली बसत नाही. निवड समिती करते, त्यामुळे हमी देण्याचा अधिकार बाहेरच्या कोणालाच नसतो. सुरुवात लहान रकमेने करावी. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या ‘निधी-प्रयास’ योजनेत नमुन्यासाठी जास्तीत जास्त 10 लाख रुपये मिळतात आणि आपल्या पहिल्या टाकीला ते पुरावेत. पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात व्हेंचर सेंटर हे नवउद्योगांना मदत करणारे केंद्र आहे. तेथे जाऊन कोणत्या योजनेचे अर्ज सध्या खुले आहेत ते विचारावे आणि तापमापनाच्या आराखड्यावर एखाद्या औष्णिक अभियंत्याचे मत घ्यावे.

प्रश्न: पेटंट मंजूर झाल्याशिवाय अर्ज करता येत नाही, असे एका परिचितांनी सांगितले. म्हणून मी थांबलो आहे. दरम्यान, माझी बायोमास शेगडी मोशीच्या प्रदर्शनात मांडली होती. त्याने काही बिघडते का?

परिचितांचे म्हणणे चुकीचे आहे, आणि त्यापायी गेलेला वेळ भरून येणार नाही. नमुना घडवण्यासाठी असलेल्या योजना मंजूर पेटंटची वाट पाहायला लावत नाहीत. चिंता दुसऱ्याच गोष्टीची आहे. शोध लोकांसमोर आला की त्याचे नावीन्य संपू शकते. प्रदर्शनासाठी कायद्यात सवलत आहे, पण ती सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरती आणि बारा महिन्यांच्या मुदतीची आहे. शेगडीचा कोणता भाग तेथे दिसला, माहितीपत्रकात काय छापले होते, हे सारे घेऊन याच आठवड्यात पेटंट एजंटकडे जावे. न दाखवलेल्या सुधारणांसाठी तात्पुरता तपशील, म्हणजे शोधाचे प्राथमिक वर्णन, पेटंट कार्यालयात दाखल करता येतो. व्यक्ती आणि लघुउद्योगांसाठी त्याचे ऑनलाइन शुल्क 1,600 रुपये आहे आणि पूर्ण तपशिलासाठी पुढे बारा महिने मिळतात.

प्रश्न: अमेरिकेचा ऊर्जा विभाग छोट्या कंपन्यांना संशोधनासाठी पैसे देतो. माझा भाचा न्यू जर्सीत नोकरीला आहे. त्याच्या नावाने पुण्यातून काम करता येईल का?

नाही. 1982 च्या कायद्याने सुरू झालेल्या त्या ‘एसबीआयआर’ (स्मॉल बिझनेस इनोव्हेशन रिसर्च) कार्यक्रमात कंपनी अमेरिकेतील, पाचशेपर्यंत कर्मचारी असलेली आणि सर्वसाधारणपणे निम्म्याहून अधिक मालकी तेथील नागरिकांची किंवा कायम रहिवाशांची असावी लागते, आणि संशोधनही तेथेच करावे लागते. भाच्याचा व्हिसा नोकरीचा असेल, तर त्याने तेथील वकिलाला विचारल्याशिवाय कशावरही सही करू नये. आपल्याकडे 2005 मध्ये ‘एसबीआयआरआय’ ही जवळजवळ त्याच नावाची योजना सुरू झाली, पण ती जैवतंत्रज्ञानासाठी आहे. जैवइंधनाचा प्रकल्प तिच्यात बसू शकतो, सौर पॅनेल नाही.

प्रश्न: मंजुरीपत्र मिळाले, पण पहिला हप्ता चार महिने आलेला नाही. मंजुरीच्या आधीच बॅटरीचे सेल स्वतःच्या पैशाने घेतले होते. ते बिल दाखवता येईल का?

मंजुरीच्या तारखेपूर्वीचा खर्च सामान्यतः ग्राह्य धरत नाहीत, म्हणून ते बिल हिशेबात घालू नये आणि दुकानदाराकडून तारीख बदलून तर मुळीच घेऊ नये. चार महिन्यांचा विलंब छोट्या उद्योगाचे कंबरडे मोडतो. माझ्या मते तो अक्षम्य आहे आणि योजना चालवणाऱ्यांना मी हे वारंवार सांगत आलो आहे. तरीही बाजू कागदावर भक्कम हवी. कार्यक्रम अधिकाऱ्यांना ईमेल करून तीन गोष्टी विचाराव्यात: आपल्याकडून एखादा कागद राहिला आहे का, प्रकल्पाचा कालावधी मंजुरीपासून मोजणार की पैसे जमा झाल्यापासून, आणि मंजुरीनंतर स्वतः केलेला खर्च पुढे वळता करून मिळेल का. लेखी उत्तर येईपर्यंत नवी खरेदी करू नये. निधीसाठी वेगळे बँक खाते ठेवावे, कारण त्यावरचे व्याजही सरकारचे असते आणि निधी कसा वापरला हे सांगणाऱ्या उपयोगिता प्रमाणपत्रात ते दाखवावे लागते. मंजुरीपत्र, अटींचे परिशिष्ट आणि आतापर्यंतची बिले घेऊन हप्ता येण्याच्या आधीच आपल्या सीएंना भेटावे.