पाच जिन्नसांचा स्वयंपाक : वाचकांचे प्रश्न

मागच्या महिन्यात याच सदरात मी सुचवलं होतं, की स्वयंपाक शिकायचा असेल तर चार-पाच जिन्नसांत होणाऱ्या साध्या पदार्थांचं एखादं छोटं पुस्तक घ्या आणि त्यातलं सगळं करून पाहा. त्यावर पत्रं बरीच आली आणि तक्रारीचा सूर बहुतेकांचा एकच: साहित्य एवढंसं, मग पदार्थ बिघडतो कसा? साहित्य एवढंसं असतं म्हणूनच बिघडतो. वाटणाच्या रश्श्यात एखादी गोष्ट कमी-जास्त झाली तर बाकीच्या दहा तिला सांभाळून घेतात. पिठल्यात सांभाळून घ्यायला कोणी नसतं. आता एकेक पत्र घेऊ.

निवृत्तीनंतर स्वयंपाक शिकतो आहे. पुस्तक पहिल्या पानापासून क्रमाने करावं का? घरचे म्हणतात, रोज नवीन प्रयोग नकोत. (नाशिक)

घरच्यांचं ऐका. पुस्तकातला क्रम छापणाऱ्याच्या सोयीचा असतो: आधी वरण-आमट्या, मग भाज्या, मग भात, शेवटी गोडधोड. शिकणाऱ्याचा क्रम वेगळा असायला हवा. साधं वरण जमलं की त्याच डाळीला फोडणी द्या, मग तीच डाळ चिंच-गूळ घालून आमटी म्हणून करा. तीन पानं झाली आणि घरात कोणाला प्रयोग वाटला नाही. आठवड्याला दोनच नवे पदार्थ घ्या, आधीचा एखादा पुन्हा करा, आणि तिसऱ्या वेळी पुस्तक न उघडता करा. पहिल्यांदा करताना मात्र लिहिलंय तसंच करायचं, एकही बदल नाही. बदल दुसऱ्या खेपेपासून, आणि तो पेन्सिलीने समासात लिहून ठेवायचा.

दुसरं, पान उलटण्याआधी मंडईत जा. कैरीची डाळ चैत्रातच करावी. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, कैरी, मिरची, मीठ आणि वर फोडणी, बास. तीच डिसेंबरात करायला निघालात तर कैरी शोधण्यातच दिवस जाईल. थंडीत पावटे, मटार, हिरवा लसूण, पावसाळ्यात अळू. बाजारात जे उतरलंय त्याचं पान आधी.

आणि साहित्याच्या यादीवरून पदार्थ सोपा की अवघड हे ठरवू नका. उकडीच्या मोदकाला तांदळाची पिठी, पाणी, नारळ, गूळ, तूप एवढंच लागतं. ते पान सगळ्यात शेवटी काढा.

पुस्तकावर 'फक्त पाच जिन्नस' असं लिहिलंय, पण तेल, मीठ, मोहरी, हिंग, हळद मोजलेलीच नाहीत. ही फसवणूक नाही का? आणि एवढं घालूनही माझी भाजी सपक होते. खोलीवर इंडक्शन शेगडी आहे. (पुणे)

थोडी फसवणूक आहे खरी. मसाल्याचा डबा घरात असणारच हे धरून चालणं मला मान्य आहे, नाहीतर साधी काकडीची कोशिंबीरही पाचांत बसणार नाही. पण गोडा मसाला हा 'एक' जिन्नस म्हणून मोजतात तिथे मला हसू येतं. धणे, तीळ, सुकं खोबरं, दगडफूल, तमालपत्र, लवंग, दालचिनी असं सगळं कुटुंब त्या एका चमच्यात बसलेलं असतं.

सपकपणाचं कारण बहुतेक फोडणीत सापडेल. पाच जिन्नसांच्या भाजीत चवीचा निम्मा भार फोडणीवर असतो आणि पुस्तकात तिच्यासाठी शब्द असतात दोन: 'फोडणी करावी'. ती कशी करावी ते सांगते.

तेल आधी नीट तापू द्या. मोहरीचा एक दाणा टाकून बघा. तो लगेच वर येऊन तडतडला तर तेल तयार आहे, तळाशी बसून राहिला तर थांबा. मग मोहरी घाला आणि तिचं तडतडणं ओसरेपर्यंत दुसरं काही घालू नका. न फुललेली मोहरी दाताखाली कडू लागते. नंतर जिरं, ते तांबूस झालं की आच कमी, मग हिंग, मग मिरची-कढीपत्ता, आणि हळद सगळ्यात शेवटी. हळद पडल्यावर भाजी लगेच कढईत पडली पाहिजे, म्हणून भाजी आधी चिरून हाताशी ठेवा. हळद जळली की तो कडवटपणा नंतर गूळ घालूनही जात नाही.

तुमच्या शेगडीची एक गंमत आहे. इंडक्शनवर पातळ बुडाचं भांडं फार झटकन तापतं, आणि आच कमी केली की बऱ्याच शेगड्या मंद न होता चालू-बंद होत राहतात. म्हणजे मोहरीला वेळ मिळत नाही आणि हिंग करपतो. जाड आणि सपाट बुडाची कढई घ्या, मध्यम आचेवर तेल तापवा आणि हिंग-हळद घालायच्या वेळी शेगडी सरळ बंद करा. तेवढ्या उष्णतेत त्यांचं काम होतं.

तेलाचंही सांगते, कारण तुम्ही पत्रात अर्धा चमचा लिहिलंय. हिंगाचा वास आणि हळदीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. दोघांच्या भाजीला एक मोठा चमचा, म्हणजे साधारण 15 मिली तेल लागतंच. मोहरी कोरड्या कढईत भाजण्याला फोडणी म्हणत नाहीत.

पुस्तकात ज्वारीच्या भाकरीचं साहित्य दोनच ओळींत आहे: पीठ आणि पाणी. माझी भाकरी थापतानाच कडेने फाटते, तव्यावर टाकताना तुटते. पीठ पाकिटाचं आणते. (बंगळूरु)

दोन जिन्नस म्हटल्यावर दोघांकडेही नीट बघावं लागतं. आधी पिठाकडे. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, त्यामुळे कणकेचा चिवटपणा तिच्यात येत नाही. ताज्या दळलेल्या पिठाला स्वतःचा थोडा चिकटपणा असतो. पीठ जुनं झालं की तो जातो, याला आपल्याकडे पिठाची विरी गेली म्हणतात. विरी गेलेल्या पिठाची भाकरी कसबी हातालाही फाटते. तेव्हा पाकिटावरची दळल्याची तारीख आधी बघा, महिना-दोन महिने उलटले असतील तर ते पीठ थालीपिठात घाला. बंगळूरुत उत्तर कर्नाटकातली मंडळी पुष्कळ आहेत, म्हणजे ज्वारी आणि गिरणी दोन्ही मिळतील. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, मिळाली तर बघा. त्यातही मंगळवेढ्याची मालदांडी जात मिळाली तर मग विचारायलाच नको.

आता पाणी. ताज्या पिठाला कोमट पाणी पुरतं. पाकिटाच्या पिठाला उकळतं घाला. गरम पाण्याने पिठातला थोडा स्टार्च शिजून चिकट होतो आणि गेलेल्या विरीचं काम करतो. परातीत एका भाकरीचं पीठ घ्या, मधे खळगा करून उकळतं पाणी ओता, उलथन्याने कालवा आणि हाताला सोसेल इतकं निवलं की तळहाताच्या टाचेने रगडून मळा. सगळ्या भाकऱ्यांचं पीठ एकदम मळून ठेवू नका. ज्वारीचं पीठ मुरवायचं नसतं, मळलं की थापायचं. मळताना गोळ्याच्या कडेला बोटाने दाबून बघा. भेग पडली तर पाण्याचा हात लावून आणखी मळा. तुमच्या भाकरीची कड जी फाटते ती इथेच फाटलेली असते, परातीत फक्त दिसते.

थापताना खाली भरपूर कोरडं पीठ हवं, म्हणजे भाकरी परातीत फिरत राहते. बोटांनी कडेकडेने थापा, मधे दाबू नका. तव्यावर टाकताना परातीला टेकलेली पिठाची बाजू वर येते, तिच्यावर लगेच पाण्याचा हात फिरवा. ते पाणी सुकत आलं की उलटायची. पूर्ण सुकू दिलंत तर वर तडे जातात आणि भाकरी फुगत नाही, कारण वाफ त्या तड्यांतून निसटते. आता खाली आलेली पाण्याची बाजू नीट भाजून घ्या आणि मग दुसरी बाजू थेट आचेवर धरा. तवा लोखंडी असला तर बरं.

सुरुवातीला लहान भाकऱ्या करा, बशीएवढ्या. मोठी भाकरी उचलताना तुटते ती बहुतेक वेळा वजनाने.

तूरडाळ, हळद, हिंग, मीठ, टोमॅटो. एवढ्याच साहित्याची आमटी, पण डाळ कितीही शिट्ट्या केल्या तरी कचकचीत राहते. भारतात असताना असं कधी झालं नाही. (लंडन)

तीन गोष्टी तपासा. लंडनचं नळाचं पाणी जड आहे. त्यातल्या कॅल्शियममुळे डाळीचं दल लवकर विरघळत नाही. गाळणीच्या जगमधलं पाणी वापरून बघा, किंवा चिमूटभर खायचा सोडा घाला. चिमूट म्हणजे चिमूटच, जास्त झाला तर डाळीला साबणासारखी चव येते.

दुसरं, टोमॅटो तुम्ही कुकरमध्ये डाळीबरोबरच घालता, असं पत्रावरून दिसतं. आंबट पदार्थ आधी पडला की डाळ मऊ व्हायला फार वेळ लागतो. टोमॅटो असो, चिंच असो की आमसूल, डाळ घोटून झाल्यावरच घालायचं. मिठाला बिचाऱ्याला उगाच दोष देतात, मीठ आधी घातल्याने एवढं बिघडत नाही.

तिसरं, तिकडच्या दुकानांत तेल लावलेली तूरडाळही मिळते. तशी असेल तर कोमट पाण्याने दोन-तीनदा चोळून धुवा आणि तासभर भिजवून मग कुकरला लावा. एवढं करूनही शिजली नाही तर डाळ जुनी आहे. दुकान बदला.

साबुदाण्याची खिचडी गोळा होते. वजन कमी करायचं म्हणून तुपाऐवजी थोडंसं तेल आणि दाण्याचा कूट निम्मा घेते. बाकी सगळं पुस्तकाप्रमाणे. (ठाणे)

बाकी काही उरलंच नाही हो! खिचडीत साबुदाणा, कूट, तूप, जिरं, मिरची आणि फार तर बटाटा. त्यातले दोन खांब तुम्ही निम्मे कापलेत. कूट चवीसाठी तर असतोच, पण तो साबुदाण्यावरचा ओलावा शोषतो आणि दाणे एकमेकांपासून सुटे ठेवतो. तूपही तेच काम करतं. वजनाची काळजी असेल तर खिचडी पूर्ण साहित्याची करा आणि वाटीभरच खा.

भिजवण्याकडेही बघा. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचा स्टार्च. त्याच्यावरची पांढरी भुकटी तशीच राहिली तर खिचडीची खळ होते, म्हणून दोन-तीन पाण्यांतून धुवा. मग सगळं पाणी काढून, साबुदाण्याच्या पातळीला जेमतेम टेकेल एवढंच पाणी ठेवून 4 ते 5 तास झाकून ठेवा. दाणा चिमटीत दाबला की पूर्ण चिरडला पाहिजे, मधे कडक कण नको. कूट, मीठ, साखर कढईत वरून न टाकता भिजलेल्या साबुदाण्यालाच आधी नीट चोळून लावा. दाणे पारदर्शक दिसू लागले की गॅस बंद. पुढे परतत राहिलात तर चिवट होतात.

सोलकढी गरम करून प्यायला आवडते म्हणून उकळली, तर फुटली. कोकम जास्त झालं का? (कोल्हापूर)

कोकम बरोबरच असेल. नारळाच्या दुधात आंबट घालून उकळी आणली तर ते फुटणारच. सोलकढी उकळायची नसते. गरमच हवी असेल तर नारळाचं दूध वगळून तिवळ करा: कोकमाचं पाणी, मीठ, किंचित साखर, मिरची, कोथिंबीर, वर हिंग-जिऱ्याची फोडणी. कोकणात ती भातावर घेतात.

सगळीकडे 'मीठ चवीनुसार'. चव माहीत असती तर पुस्तक कशाला घेतलं असतं? (छत्रपती संभाजीनगर)

रास्त राग आहे. आकडा देते. तयार पदार्थाच्या वजनाच्या साधारण 1 टक्का मीठ बहुतेकांना बरोबर लागतं. चहाच्या चमच्याने सपाट भरून घेतलेलं बारीक मीठ 5 ते 6 ग्रॅम भरतं. म्हणजे अर्ध्या किलो भाजीला एक सपाट चमचा, जरा हात राखून. चार वाट्या आमटीला पूर्ण एक. खडे मीठ असेल तर चमच्यात कमी मावतं, ते वजनावर घ्या किंवा कुटून घ्या. पालेभाजीला कच्ची असताना मीठ घालू नका. परातभर मेथी कढईत मूठभर होते आणि मीठ मात्र परातीच्या हिशेबाने पडलेलं असतं. ती आळल्यावर, उरलेल्या भाजीच्या अंदाजाने घाला.

सगळं मीठ एकदम न घालता पाऊण आधी, उरलेलं गॅस बंद केल्यावर चव बघून घाला. चव बघताना आमटी चमच्यात जरा निवू द्या. जीभ पोळली की नीट चव कळत नाही. पानात लोणचं-पापड असेल तर त्या उरलेल्या मिठातलंही थोडं कमी करा.