दोन शहरांमध्ये जेमतेम २०० किलोमीटर अंतर असताना विमानाला ५५ मिनिटे का लागतात?

आपला हिशेब असा आहे, की अंतर २०० किलोमीटर आणि विमानाचा वेग ताशी ८५० किलोमीटर असेल, तर प्रवास १४ मिनिटांत संपायला हवा. मग तिकिटावर ५५ मिनिटे का? भागाकार बरोबर आहे, पण एवढ्या छोट्या मार्गावर प्रवासी जेट विमानाला तो वेग गाठायला सवडच मिळत नाही.

तिकिटावरची वेळ ही विमान उभ्या जागेवरून हलल्यापासून ते दुसऱ्या विमानतळावर पुन्हा जागेवर येऊन थांबेपर्यंतची असते. गर्दीच्या विमानतळावर धावपट्टीपर्यंत जाण्यात आणि रांगेत थांबण्यात १० ते १५ मिनिटे सहज जातात, उतरल्यावर आणखी ५ ते १०. म्हणजे वीसएक मिनिटे विमान जमिनीवरच असते.

उड्डाण शक्यतो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने करावे लागते, त्यामुळे कधी कधी विमान आधी गंतव्य शहराकडे पाठ करून वर चढते आणि मग वळण घेते. १०,००० फुटांच्या खाली बहुतेक देशांत २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६३ किलोमीटर, ही वेगमर्यादा असते. खाली येण्याचा वैमानिकांचा ठोकताळा दर १,००० फुटांना ३ सागरी मैल असा आहे. त्या हिशेबाने ३५,००० फुटांवरून उतरायला जवळजवळ १९५ किलोमीटर लागतात. आपल्या मार्गावर एवढी उंची गाठायची म्हटली, तर चढायला सुरुवात करताच उतरायला लागावे लागेल! म्हणून विमान बऱ्याच कमी उंचीपर्यंतच जाते, तिथे थोडाच वेळ सरळ उडते आणि लगेच उतरू लागते. शेवटी धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी घ्यावा लागणारा वळसा वेगळाच. पंख्यांच्या एटीआर विमानाचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास असूनही अशा मार्गांवर ते जेटच्या फारसे मागे पडत नाही, ते याचमुळे.

वेळ अंतरापेक्षा या सोपस्कारांतच किती जातो, हे स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर उलट बाजूने दिसते. वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे सुमारे २.७ किलोमीटरचे नियमित उड्डाण वेळापत्रकात २ मिनिटांचे आहे. विमान लहान, धावपट्टीवर रांग नाही, उंच चढायचे नाही. साहजिकच फारसा वेळ वाया जात नाही.

याशिवाय, उशीर झाला तरी वेळापत्रक सांभाळता यावे म्हणून कंपन्या काही मिनिटे आधीच वाढवून ठेवतात. त्यामुळे विमान ‘वेळेआधी’ पोहोचल्याची घोषणा ऐकून मला तरी फारसे कौतुक वाटत नाही.

अंतराबाबतही एक खुलासा हवा. संकेतस्थळांवर दिसणारे हवाई अंतर पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेले सर्वांत कमी अंतर असते; रस्त्याने तेच बहुधा सव्वापट ते दीडपट भरते. शिवाय ते शहराच्या मध्यापासून मोजले आहे की विमानतळापासून, हेही पाहावे, कारण ३०-४० किलोमीटरचा फरक २,००० किलोमीटरच्या प्रवासात जाणवत नसला, तरी २०० किलोमीटरच्या प्रवासात चांगलाच जाणवतो.

ढोबळ अंदाजासाठी हवाई अंतराला ताशी ८०० किलोमीटरने भागून त्यात अर्धा तास मिळवावा. आपल्या मार्गासाठी उत्तर ४५ मिनिटे येते आणि उरलेली १० बव्हंशी कंपनीने राखून ठेवलेली असतात. नेमकी वेळ हवी असल्यास विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर त्याच क्रमांकाच्या उड्डाणाच्या मागील काही दिवसांच्या नोंदी पाहाव्यात.