पट अकरा, आणि मधे ओढा

प्रश्न : ताई, आमच्या वाडीवर झेडपीची शाळा आहे, पहिली ते चौथी, पट अकरा. साहेब येऊन सांगून गेले की पट कमी आहे, पुढच्या वर्षी पोरं खालच्या गावात पाठवा, गाडीचं बघू. ते गाव साडेतीन किलोमीटर, मधे ओढा. मुलगी दुसरीत आहे. नवीन धोरणात सगळ्यांना समान संधी आहे म्हणतात, मग आमच्या पोरांना का नाही?
– एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : तुमच्या पत्रातला 'गाडीचं बघू' हा शब्द मला सगळ्यात खटकला. बघू म्हणजे काय हे आपल्याला माहितीये.

आधी एक समजून घ्या, 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणजे कायदा नाही, त्यावर हक्क सांगता येत नाही. पण गंमत बघा, त्याच धोरणात लिहिलंय की शाळा एकत्र करायच्या तर फार जपून आणि मुलांचं शाळेत पोचणं अडणार नसेल तरच. उलट त्यात शाळा-संकुल सुचवलंय, म्हणजे पाच-दहा किलोमीटरमधल्या शाळांनी मिळून शिक्षक, लायब्ररी, खेळाचं सामान वापरायचं. ही कल्पना कोठारी आयोगाची, म्हणजे देशातलं शिक्षण कसं असावं हे सुचवणाऱ्या 1964-66 च्या सरकारी आयोगाची. थोडक्यात मास्तरांनी वाडीवर यायचं, पोरांनी ओढा ओलांडायचा नाही.

हक्क मिळतो तो 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातून. महाराष्ट्राच्या नियमात पहिली ते पाचवीसाठी 1 किलोमीटरच्या आत शाळा हवी, पण त्याला जोडून किमान 20 मुलांची अट आहे, साहेब त्याच्याच जोरावर बोलत असणार. मात्र तो आकडा शाळा काढण्यासाठीचा आहे, चालू शाळा बंद करा असं त्यात म्हटलेलं नाही. आणि लहान वस्तीजवळ शाळा नसेल तर फुकट वाहनाची नाहीतर राहण्याची सोय करणं हे त्यांचं काम आहे, मेहेरबानी नाही.

खरं सांगू, अकरा पोरांची शाळा लई भारी असते असं मी म्हणणार नाही. एकच गुरुजी चारही वर्ग सांभाळत असतील, आणि ते मीटिंगला गेले की शाळेला कुलूप. कायद्याने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक लागतात, तुमच्याकडे किती आहेत ते आधी बघा, पट का घटला याचं उत्तर कधीकधी तिथंच सापडतं.

आता शाळा व्यवस्थापन समितीची बैठक लावा. तिच्यात 75 टक्के पालकच असतात, त्यामुळे गुरुजींची वाट बघत बसू नका. ठरावात तक्रार कमी आणि प्रश्न जास्त लिहा : गाडी कुठली, कधीपासून, पैसे कोण देणार, पोरांसोबत मोठं माणूस कोण बसणार, ओढ्याला पाणी आलं त्या दिवशी काय, दुपारी कुणाला ताप आला तर घरी कोण सोडणार. दोन प्रती काढा, एक साहेबांच्या ऑफिसात द्या आणि दुसरीवर पोच घ्या, सही-शिक्का-तारखेसकट. आणि जुलैतल्या एखाद्या सकाळी त्या ओढ्याचा फोटो काढून सोबत जोडा.