घरची बदाम कतली तेलकट का होते आणि वड्या का मोडतात?

तुम्ही लिहिलंय की काजू कतली तुम्हाला उत्तम जमते, पण त्याच कृतीने बदामाची करायला गेलात की मिक्सरमध्येच तेल सुटतं, वड्यांचे काठ तुटतात आणि पाक एकतारी झाला की पुढे गेला तेही कळत नाही. प्रमाण तेच, कढई तीच, मग बिघडतं कुठे, असा तुमचा प्रश्न आहे.

बिघडतं ते काजूची कृती बदामाला लावल्यामुळे. दिसायला दोन्ही सुकामेवाच, पण कढईत त्यांची वागणूक वेगळी. काजूच्या वजनात पाचव्या हिश्शाहून जास्त स्टार्च असतो. गरम पाकात पडला की हा स्टार्च फुगतो, पाणी धरून ठेवतो आणि गोळा जवळजवळ आपोआप जमतो. म्हणून काजू कतली नवशिक्यालाही साधते. बदामात स्टार्च नावापुरता, आणि निम्मं वजन तेलाचं. सुके बदाम मिक्सरमध्ये फिरवले की भांडं तापतं, तेल बाहेर येतं, पूड भांड्याच्या तळाशी चिकटून बसते. अशी तेलकट पूड पाकात घातली तर पाक तिच्यात नीट मुरत नाही. वर तेल, खाली साखर आणि मध्ये रवाळ बदाम, असा तीन पक्षांचा कारभार होतो.

यावर नेहमीचा सल्ला म्हणजे बदाम सोलून रात्रभर पंख्याखाली वाळवा, थांबून थांबून फिरवा, चाळा, मग एकतारी पाक करा. चुकीचं काही नाही त्यात, मिठाईवाले पाकावर तशीही करतात. पण त्यांचा हात रोज त्याच कामात असतो. घरी वर्षातून दोन-चारदा करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. बदाम भिजवून, ओले वाटून करा. ओलं वाटताना सुटणारं तेल पाण्यात बारीक थेंबांनी मिसळून राहतं (बदामाचं दूध होतं ते असंच), त्यामुळे ते वेगळं होत नाही. शिवाय साखर थेट वाटणात जाते, म्हणजे तार बघायची भानगडच संपली. कढईसमोर जरा जास्त वेळ उभं राहावं लागतं, एवढाच काय तो तोटा.

प्रमाण असं: पाव किलो बदाम, 200 ग्रॅम साखर, वाटायला 100 ते 120 मिली दूध, दोन मोठे चमचे साजूक तूप आणि हवं तर केशराच्या दहा-बारा काड्या. कमी गोड हवी असेल तर साखर 175 ग्रॅमपर्यंत उतरवा, त्याखाली नको. इथे साखर फक्त गोडीला नसते, वडी धरून ठेवण्याचं कामही तीच करते. निम्म्यावर आणलीत तर चविष्ट शिरा होईल, कतली होणार नाही. गूळ घालू का, हे पुढे कुणीतरी विचारणारच, म्हणून आत्ताच सांगते: गुळाने वडी चिवट होते, रंग जातो आणि दूध फाटण्याचीही शक्यता असते. गुळाची हौस शेंगदाण्याच्या चिक्कीवर भागवा.

बदाम कॅलिफोर्नियाचे घ्या. मोठे, एकसारखे असतात आणि साल पटकन सुटते. मामरा जातीचे बदाम खायला उत्तम, पण त्यात तेल आणखी जास्त आणि किंमत तर विचारू नका. वाटून साखरेत घालायचे तर ते पैसे वाया. आणताना एक चावून बघा. खवट असेल तर ती चव साखरेने झाकत नाही. सोलताना एखादा कडू लागला तर तोही फेकून द्या, एवढासा कडू बदाम अख्ख्या घाण्याची चव घालवतो.

सहा ते आठ तास भिजवा. उन्हाळ्यात भिजवण फ्रिजमध्ये ठेवा, बाहेर पाण्याला फेस येऊन वास लागतो. सोलायच्या आधी ते पाणी फेकून बदामांवर उकळतं पाणी ओता आणि मिनिटभरात निथळा. मग चिमटीत दाबला की बदाम सालीतून टुणकन बाहेर उडतो. हे काम मुलांना द्या, ओट्याखाली चार गेले तरी चालतील. गरम पाण्यात जास्त वेळ मात्र राहू देऊ नका, बदाम पिवळट पडतात. सालीचा एकही तुकडा राहता कामा नये, कतलीवर तपकिरी ठिपका लगेच नजरेत भरतो.

वाटताना सगळं दूध एकदम ओतू नका. आधी बदाम तसेच भरडा, मग थोडं थोडं दूध घालत गंधासारखं बारीक करा. बोटांत चोळून कण लागतोय का ते बघा. इथे कंटाळा केलात तर पुढे कितीही ढवळलं तरी रवाळपणा जाणार नाही. मधेमधे मिक्सर थांबवा, भांड्याला हात लावून गरम लागलं तर दोन मिनिटं जाऊ द्या.

आता कढई. जाड बुडाची किंवा नॉनस्टिक. चमचाभर तूप, त्यात वाटण आणि साखर एकत्र, आच मध्यमपेक्षा कमी. साखर विरघळली की मिश्रण घट्ट व्हायच्या ऐवजी आणखी पातळ होतं. इथे बरेच जण घाबरून मिल्क पावडर ओततात. काही घालू नका, ढवळत राहा. थोड्या वेळाने फटफट बुडबुडे फुटायला लागतात आणि मनगटावर चटके बसतात, म्हणून लांब दांड्याचं उलथणं घ्या. मग उलथण्यामागे तळ दिसायला लागतो. आधी क्षणभर, मग जरा जास्त वेळ. फटफट आवाज थांबतो. कडेला साखरेचा पांढरट पापुद्रा वाळलेला दिसेल. तो खरवडून मिश्रणात घेऊ नका. त्या वाळलेल्या साखरेमुळे बाकीची साखरही दाणेदार व्हायला लागते आणि कतली दुसऱ्या दिवशी खरखरीत लागते. उरलेलं तूप आणि चमचाभर गरम दुधात भिजवलेलं केशर या टप्प्याला घाला.

एवढ्या प्रमाणाला साधारण वीस मिनिटं लागतात, पण घड्याळावर विसंबू नका, गोळ्याकडे बघा. मिश्रण कडा सोडून उलथण्याभोवती गोळा होऊन एकत्र फिरायला लागलं की वाटाण्याएवढं बशीत काढा, निवू द्या आणि तूप लावलेल्या बोटांत वळा. बोटाला चिकटलं तर अजून दोन मिनिटं. गुळगुळीत गोळी झाली, भेग पडली नाही, तर गॅस लगेच बंद. आणखी दोन मिनिटं परतू म्हणालात की पाणी गरजेपेक्षा जास्त आटतं, अडकलेलं तेल सुटं होतं आणि गोळा चकचकीत दिसायला लागतो. बेसनाच्या लाडवात तूप सुटलं की आपण खूश होतो. इथे तेल दिसलं तर ते भाजणं पुढे गेल्याचं लक्षण समजा. तुमच्या वड्यांचे काठ तुटतात त्याचं अर्धं कारण बदामाच्या तेलकट पुडीत आहे आणि अर्धं इथे.

गॅस बंद केल्यावरही कढई गरम असते, म्हणून तीन-चार मिनिटं ढवळत राहा किंवा गोळा सरळ ताटात काढा. हाताला सोसेल इतका कोमट झाला की तुपाच्या हाताने एकदाच हलका मळा. कणकेसारखा तिंबू नका, दाबून दाबून तेलच बाहेर येतं. मग दोन बटर पेपरांच्या मध्ये ठेवून चार-पाच मिलिमीटर जाड लाटा. कोमट असतानाच सुरीने शंकरपाळ्यासारख्या तिरक्या रेघा पाडा, पण वड्या सुट्या करायच्या त्या पूर्ण गार झाल्यावर. कडेचे वेडेवाकडे तुकडे ज्याने ढवळलं त्याचे, हा आमच्याकडचा नियम.

वर्ख लावायचा तर पृष्ठभाग किंचित ओलसर असतानाच, नंतर तो धरत नाही. पूर्वी चांदीचा वर्ख जनावरांच्या आतड्याच्या पातळ पापुद्र्यांमध्ये ठेवून कुटत, म्हणून कित्येक घरांत तो वर्ज्यच होता. 2016 साली एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) वर्ख बनवताना प्राणिजन्य वस्तू वापरायला बंदी घातली, त्यामुळे पाकीटबंद, परवाना क्रमांक असलेला वर्ख घ्या. सुटा घेऊ नका; त्यात कधीकधी चांदीऐवजी अॅल्युमिनियम असतं. माझं विचाराल तर केशराच्या रंगापुढे वर्खाची गरजच नाही.

वेलची मी घालत नाही. बदामाची चव मुळातच सौम्य असते, वेलची तिच्यावर कुरघोडी करते. बाजारातल्या बदाम इसेन्सचं तर नाव काढू नका. तो वास कडू बदामाचा; आपल्या गोड बदामाला तसा वास नसतोच.

आता केलेली बिघडली असेल तर. मऊ राहिली, पेपरला चिकटते: सगळं परत कढईत, मंद आचेवर काही मिनिटं. तेल सुटलंय: चमचाभर गरम दूध घालून जोरात घोटा, बहुतेक वेळा गोळा तेल परत आत घेतो. भुगा होतोय: तो मिक्सरमधून काढा, दोन-तीन चमचे दूध घालून मंद आचेवर पुन्हा गोळा येईपर्यंत परता. पहिल्याइतकी तलम होणार नाही, पण वडी नक्की पडेल. आधीच्या खेपेचा चुरा अजून डब्यात असेल तर त्याच्यावर हेच करून बघा.

दुधातली कतली बाहेर दोन दिवस, फ्रिजमध्ये आठवडाभर. फ्रिजमधून काढल्या काढल्या खाऊ नका, तूप आणि साखर थिजून वडी कडक लागते. अर्धा तास बाहेर ठेवली की पुन्हा मऊ. कुणाला गावाला पाठवायची असेल तर दुधाऐवजी पाण्यात वाटा, जास्त टिकते. आणि दिवाळीला अर्धा किलोची करायची झाली तर पाव-पाव किलोचे दोन घाणे काढा. एकदम मोठा गोळा ढवळताना खांदा तर जातोच, पण कडेचं आटून मधलं ओलं राहतं.